पार्सलने आलेला गुलाब

भिंगकाकांनी मुलीला गुलाबाची एक फांदी कापून दिली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. वीतभर फांदी. कात्री चालवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि लेकीच्या हातावर ठेवायची, एवढंच. पण काकांना ते जमलं नाही. ती न देण्यासाठी त्यांनी जो खटाटोप केला, त्यातूनच सगळं ओढवलं.

भिंगकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. फिरत्या चाकावर पाण्याची धार सोडून काचेच्या कडा घासायच्या, काच उजेडाकडे धरायची आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून ओरखडा शोधायचा, यात त्यांचा उभा जन्म गेला. नाकाशी आणलेली वस्तू ते इतकी बारकाईनं बघायचे की गिऱ्हाईक कंटाळून बाकावर बसून घ्यायचं. हातभर अंतरापलीकडचं जग मात्र त्यांच्या खिजगणतीत नसे. "एक डोळा मिटल्याशिवाय ह्यांना काही दिसतच नाही," असं त्यांची बायको चारचौघांत म्हणायची. काका ते हसण्यावारी न्यायचे.

मागच्या अंगणात भिंतीला लागून तिचा गुलाब होता. लग्न झालं त्याच वर्षी तिनं कुठल्याशा नर्सरीचं सूचीपत्र मागवलं, मनीऑर्डर केली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक बोटभर काडी आली. "पैसे मोजून काडी विकत घेतलीस?" असं म्हणून काकांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. ती काडी भिंत चढली, तिथून न्हाणीघराच्या पत्र्यावर गेली आणि दर बहरात पत्रा दिसेनासा व्हायला लागला. फुलं फिकट केशरी, गाभ्याशी पिवळट. सकाळी मागचं दार उघडलं की वास आधी आत यायचा. पुढे ती नर्सरी बंद पडली. मग बायकोही गेली, आणि झाड तेवढं राहिलं.

तेव्हापासून त्या झाडाला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. फूल तोडलेलं काकांना खपत नसे. पाकळ्या गळून पडल्या तरच उचलायच्या.

एकटेपणात माणसाला काहीतरी नाद लागतो, तसा काकांना गुलाबांचाच लागला. सुरुवातीला बाजारातून एक झाड आणलं, पिवळ्या फुलांचं, चांगलं महागाचं. ते होतं डोळा भरलेलं. म्हणजे वर एका गुलाबाचं अंग आणि खाली दुसऱ्याच जंगली गुलाबाचा खुंट. एका कडक उन्हाळ्यात वरचं पिवळं मेलं आणि खालून खुंटाची फूट जोरात वर आली. काका वर्षभर तिला पाणी घालत, खत घालत राहिले. शेवटी फूल आलं ते गडद लाल, बिनवासाचं, पाचच पाकळ्यांचं काहीतरी. आपण वर्षभर भलत्याच झाडाची सेवा केली हे कळल्यावर काकांनी ते मनाला फार लावून घेतलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

मग त्यांनी कानाला खडा लावला. यापुढे गुलाब घ्यायचा तो स्वतःच्या मुळांवरचाच. फांदी लावून वाढवलेला, वरून खालपर्यंत एकच. वरून मेला तरी मुळातून पुन्हा तोच उगवणार. असे गुलाब बाजारात कुणी ठेवत नाही, कारण ते बारीक असतात आणि भरायला तीनेक वर्षं घेतात. ते मिळतात लांबच्या छोट्या नर्सऱ्यांकडे, आणि येतात पार्सलने. काका सगळ्या नर्सऱ्यांना माहीत झाले, नकोसे झाले म्हटलं तरी चालेल. पार्सल आलं की ओला कागद सोडायचा, माती झटकायची, भिंग लावायचं आणि मुळं जिथं खोडाला मिळतात तिथं जोड आहे का ते बघायचं. जरा गाठ दिसली की रोप परत. एका नर्सरीवाल्या बाईंनी तर फोनवर सांगितलं होतं, "काका, तुम्ही सून बघायला गेलात तर लग्नच व्हायचं नाही."

"मला सून नाही. मुलगी आहे," काका म्हणाले होते, अगदी सरळ चेहऱ्यानं.

त्यांचा दुसरा नियमही तितकाच कडक होता. नवीन आलेलं रोप एकदम अंगणात नाही. ते गच्चीवर, वेगळ्या कुंडीत, एक पूर्ण बहर जाईपर्यंत. कुठून काय कीड घेऊन आलंय कुणास ठाऊक. हा नियम त्यांनी बायकोच्या झाडासाठीच केला होता आणि कधी मोडला नव्हता.

मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिला आईच्या गुलाबाची एक फांदी हवी होती, लावायला. दर वर्षी ती मागायची आणि दर वर्षी काका काहीतरी सांगायचे. या वर्षी झाड दमलंय. ऊन फार आहे. छाटणी झाली की देतो. आत्ताच तर छाटलंय, आता कशी देऊ? एकदा ती ओलं फडकं आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊनच आली होती आणि तशीच कोरडी परत गेली. चिकटपणाला काही सीमा असते की नाही? पण काकांना खरोखर वाटायचं की त्या झाडावर कात्री चालवली की बायकोतलं काहीतरी कमी होईल. हे कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची, म्हणून सबबी सांगायचे.

मग मुलीचा फोन आला. "बाबा, घर झालंय आमचं. अंगण आहे. सासूबाईंनी सगळे गुलाब इकडे आणून लावलेत, ओळीनं. त्यात आईचं एक हवंय मला. हे शेवटचं मागतेय. पुन्हा नाही मागणार."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना लागलं. पण कात्री त्यांच्या हातून उचलली जाईना. त्याच आठवड्यात त्या नर्सरीवाल्या बाईंच्या नव्या सूचीपत्रात त्यांना बायकोच्या गुलाबाचं नाव दिसलं. तेच नाव. स्वतःच्या मुळांवरचा. काकांचा जीव भांड्यात पडला. मुलीला आईचा गुलाब मिळेल आणि आईच्या गुलाबाला हातही लावावा लागणार नाही. त्यांनी लगेच फोन करून रोप मागवलं आणि त्या दिवशी दुकानात शीळ घालत काचा घासल्या.

पार्सल आलं. काकांनी भिंग लावलं. मुळं खोडाला मिळतात ती मान स्वच्छ होती, कुठं गाठ नाही, जोड नाही. मुळं पांढरीशुभ्र. त्यांनी मुळं इतका वेळ बघितली की वरची पानं बघायची राहूनच गेली.

आता प्रश्न उरला, हा तोच गुलाब कशावरून? नाव काय, कुणीही कुठल्याही झाडाला चिकटवतं. पान पानाशी लावून बघायला हवं, काटा काट्याशी, आणि शेवटी फूल फुलाशी. गच्चीवर बसून ते कसं करणार? नाव तेच, मूळ स्वच्छ, मग त्यात वाईट काय असणार? काकांनी कुंडी उचलली आणि बायकोच्या गुलाबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. पानाला पान लागेल इतकी जवळ.

मुलीला त्यांनी कळवलं, "तुझं रोप तयार होतंय. पहिलं फूल बघू दे, खात्री करू दे, मग घेऊन जा."

"म्हणजे आईचं नाहीच देणार," ती म्हणाली.

"तेच आहे गं ते. तेच नाव."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

स्वतःच्या मुळांवरचं रोप पहिल्या वर्षी नुसतं बसून असतं. काकांना ते पाठ होतं. हे रोप मात्र बसलं नाही. जमीन तापायला लागली तशी त्याला एक फूट आली, जाड, लालभडक. मग त्याच ठिकाणाहून दुसरी, तिसरी. पानं चकचकीत, तांबूस, बारीक आणि दाट. शेजारचा नळवाला टाकी बघायला आला होता, तो थांबून म्हणाला, "काका, ह्याला काय पाजता हो? रंग बघा काय चढलाय!" काका खूश झाले. गच्चीवरच्या इतर कुंड्यांतली रोपं मरगळलेली आणि हे एकटं उसळत होतं.

पण सकाळी उठून मागचं दार उघडलं की त्यांची नजर आधी त्या लाल फुटीवर जायची, आणि ती आदल्या दिवशीपेक्षा वाढलेली असायची. नवं पान जरा जुनं झालं की हिरवं व्हावं, तसं होत नव्हतं. लाल ते लालच. फांदीवर काटेही इतके आले की बोट टेकवायला जागा नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि काकांनी तिला गप्प बसवलं. फूल येऊ दे, मग बघू.

कळी आली. ती फुगली, वाकडी झाली आणि तशीच राहिली. काकांनी ती नखानं उघडली. आत पाकळ्या नव्हत्याच, सुरकुतलेला हिरवट चोथा होता. तोवर शेंड्याला इतक्या फुटी एकाच जागी गुंतल्या होत्या की झाडाच्या डोक्यावर कुणी खराटा बांधल्यासारखं दिसत होतं. त्यांनी नर्सरीवाल्या बाईंना फोन लावला.

बाई एरवी थट्टा करायच्या. या वेळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "काटे दाबून बघितलेत? कडक आहेत की मऊ?"

काका जाऊन बघून आले. "मऊ. वाकतात."

बाईंनी पुढचं भराभरा सांगितलं.

"काका, आजच उपटा. मुळासकट. तिथंच पिशवीत घाला, तोंड बांधा आणि जाळा. हलवताना झटकू नका. डोळ्यांना न दिसणारा कोळी असतो, वाऱ्यावर जातो, कपड्यांवर बसून जातो. तोच हा रोग पसरवतो. औषध नाही ह्याला. माझ्याकडं गेल्या महिन्यात एक वाफा गेला. तुमचं रोप त्याच्या आधी निघालं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

"पण ते स्वतःच्या मुळांवरचं होतं," काका म्हणाले. "मी बघितलं होतं. मान स्वच्छ होती."

"मूळ कुणाचंही असो, ह्या रोगाला काय त्याचं? शेजारी काय आहे त्याच्या?"

"काही नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक जुना आहे."

"त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. एक जरी तशी फूट आली, तर समजा सगळ्या अंगात भिनलंय. मग वरची फांदी कापून उपयोग नाही. आणि त्याचं कलम तर कुणालाच देऊ नका. चांगली दिसणारी फांदीसुद्धा नाही."

काकांनी रोप उपटलं, जाळलं, कुंडीसुद्धा फोडून टाकली. कपडे उकळत्या पाण्यात घातले. त्यानंतर त्यांचं दुकानात लक्ष लागेना. एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच त्यांनी उजवीकडे बसवली, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. दिवसातून पाच वेळा शिडी लावून ते पत्र्यापर्यंत चढायचे आणि भिंग लावून एकेक शेंडा बघायचे. त्या भिंगातून तो कोळी दिसत नव्हता. झाड हिरवं होतं. उन्हाळा सरला, थंडी सरली, झाड हिरवंच होतं. काकांना वाटायला लागलं, वाचलो.

पुढच्या बहराला झाड कधी नव्हे इतकं फुललं. आणि त्याच दिवसांत पत्र्याच्या टोकाला, वारा येतो त्या अंगाला, एक लाल फूट आली.

काकांना ती खालूनच दिसली. इतक्या लांबचं त्यांना आयुष्यात प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं. ते शिडीवर चढले, काटे दाबले आणि तिथंच पत्र्यावर डोकं टेकून बसले. रडले म्हणायला हरकत नाही. बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना आठवत होतं, तरी त्यांनी ती एक फांदी खालपासून कापली, जाळली आणि मनाला समजावलं की एवढ्यानं भागेल. ज्या झाडावर लेकीसाठी कात्री चालली नव्हती, त्याच्यावर ती अशी चालली.

दुसऱ्याच दिवशी मुलगी आली, न कळवता. पार्सलवाल्या रोपाचं पुढे काय झालं ते काकांनी तिला सांगितलंच नव्हतं. ती सरळ मागच्या दारात जाऊन उभी राहिली. झाड फुलांनी लगडलं होतं. एकही लाल पान दिसत नव्हतं, कारण जे होतं ते काकांनी कालच जाळलं होतं.

"काय फुललंय, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आई असती तर खुर्ची टाकून बसली असती इथं. माझं रोप कुठाय?"

"ते गेलं."

"गेलं म्हणजे?"

काकांनी सांगितलं. रोग, कोळी, खराट्यासारखा शेंडा, कालची फांदी, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सबब न सांगता खरं सांगितलं, आणि ते जसजसं सांगत गेले तसतसा मुलीचा चेहरा बंद होत गेला.

"दाखवा ना मग," ती म्हणाली. "कुठाय रोग?"

"जाळला. पण आत आहे तो. सगळ्या झाडात आहे."

"इतक्या फुलांच्या झाडात?"

"तुला शपथेवर सांगतो..."

"बाबा, झाड दमलं होतं तेव्हा मी ऐकलं. ऊन होतं तेव्हा ऐकलं. आता झाडाला रोग झालाय, औषध नसलेला, न दिसणारा." ती हसली, आणि ते हसणं काकांना सहन होईना. "एक फांदी मागितली होती. आई काय तुमची एकट्याची होती?"

दुकानात गिऱ्हाईकानं हाक मारली म्हणून ते पुढे गेले. परत आले तेव्हा ती हात धूत होती. चहा घेतला, दोन शब्द बोलली आणि दुपारच्या बसनं निघाली. जाताना पाया पडली. पिशवी खांद्याला घट्ट धरून होती.

संध्याकाळी काका झाडाला पाणी घालायला गेले. कमरेच्या उंचीवर, पानांच्या आड, एक फांदी कापलेली होती. ताजा काप, तिरका, फुटीच्या डोळ्याच्या जरा वर. लहानपणी आईनं तिला शिकवला होता तसा.

काकांनी फोन लावला. तिनं घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जावयानं उचलला आणि "ती जरा रागावलीय, नंतर बोलेल" म्हणून ठेवला. काकांनी जावयाला सांगितलं, ती फांदी काढून टाक. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं आपसात बघा ना. मला कशाला मध्ये घेता?" तिकडे सासूबाईंची रांगच्या रांग गुलाबांची होती, त्यांनी हयातभर जमवलेली. काकांना रात्रंदिवस तीच दिसायला लागली. स्वतःच तिकडे जावं तर अंगावरचे कपडे, केस, सगळंच त्या झाडापाशी वावरलेलं. आपणच तिकडे काही घेऊन गेलो तर? आणि जाऊन तरी काय दाखवणार? लाल फांदी घेऊन जाणं म्हणजे रोगच हातानं नेणं.

शब्दावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण काका स्वतःच होते. मग एका सकाळी त्यांना एकच गोष्ट सुचली. आईचं झाड मी स्वतःच्या हातानं काढलं म्हटल्यावर तरी तिला पटेल. ज्या माणसानं फांदी दिली नाही, तो उगीच झाड तोडेल का?

तोवर पत्र्यावर आणखी दोन ठिकाणी लाल फुटलं होतं. काकांनी नळवाल्याला बोलावलं, पण कुदळ त्याच्या हातात दिली नाही. नळवाल्यानं पत्र्यावरचं जाळं कापून पिशव्यांत भरलं, काकांनी बुंधा खणला. मुळं भिंतीखाली लांबवर गेली होती. दुपार झाली. शेवटचं मूळ निघालं तेव्हा भिंत उघडी पडली होती, तिच्यावर फांद्यांचे जुने मातकट डाग तेवढे होते. पिशव्या पेटवल्या आणि धूर विरेपर्यंत काका तिथंच उभे राहिले. मग आंघोळ करून त्यांनी फोन लावला. या वेळी तिनं घेतला.

"मी झाड काढलं," काका म्हणाले. "आईचं. मुळासकट. जाळलं आत्ता."

तिकडून तिचं रडणं ऐकू आलं. काकांनी रडू दिलं. त्यांना बरं वाटलं, कारण तिला आता पटलं होतं.

"खरंच काढलंत?" तिनं विचारलं. "सगळं? काहीच नाही ठेवलं?"

"काहीच नाही. म्हणून सांगतो, बाळा, तूही काढ. कुठं लावलीस ती?"

"सासूबाईंच्या रांगेत. मधोमध," ती म्हणाली. "लागलीय, बाबा. पानं आलीत. म्हणजे आता आईचा गुलाब फक्त माझ्याकडेच राहिलाय ना? मी नाही काढणार. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्याला कुणाला हात लावू देणार नाही."